पराचा कावळा : एका कायद्याची आणि कांहीं भाषणांची कथा

काव्यशास्त्रांत अतिशयोक्ति हा एक प्रतिष्ठित अलंकार मानला जातो. कवीनें विरहिणीच्या अश्रूंनीं नदीला पूर आणला किंवा वीराच्या एका आरोळीनें पर्वत हलविला, तरी कोणी त्याच्याकडे पुरावा मागत नाहीं. कवि वाढवून सांगणार आणि रसिक तें वाढविलेलें आहे हें जाणूनच त्याचा आस्वाद घेणार, असा दोघांमध्यें मूक करार असतो. राजकारणांत हा करार नसतो. व्यासपीठावरून एकादा पुढारी जेव्हां म्हणतो कीं, अमुक कायदा झाला तर अमुक गांव नकाशावरून पुसलें जाईल, तेव्हां त्या गांवांतील माणूस तें वाक्य अलंकार म्हणून ऐकत नाहीं. घर विकावें कीं राखावें, मुलाला गांवच्या कारखान्यांत लावावें कीं परगांवीं धाडावें, असे प्रश्न त्याच रात्रीं त्याच्यापुढें उभे राहतात.

हवामानाच्या बदलाला आळा घालण्यासाठीं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत निरनिराळ्या देशांत जे कायदे पुढें आले, त्यांच्याभोंवतीं शब्दांचा असा धुरळा पुष्कळ उडालेला दिसतो. त्याचें कारण समजण्यासारखें आहे. या कायद्यांनीं जें संकट टळावयाचें तें बहुतांशीं पुढील पिढ्यांचें असतें. त्यांचा खर्च मात्र याच महिन्याच्या बिलांत यावयाचा असतो. कायद्याच्या बाजूनें बोलणारा न आलेल्या प्रलयाचें चित्र काढतो आणि विरुद्ध बोलणारा न आलेल्या महागाईचें. दोघांचेहि साक्षीदार भविष्यकाळांत दडलेले असतात. आणि साक्षीदार हजर नसला म्हणजे वकिलाचा आवाज चढतो, हा अनुभव जुनाच आहे.

हा प्रकार पारखून पाहण्यास ऑस्ट्रेलियाचें उदाहरण फार सोयीचें आहे. तेथें असा कायदा झाला, दोन वर्षें अमलांत राहिला आणि रद्दहि झाला. त्यामुळें त्याच्याविषयींचीं भाकितें आणि त्याचीं प्रत्यक्ष फळें शेजारीं शेजारीं मांडून पाहतां येतात. अशी संधि इतिहासांत क्वचितच मिळते.

ऑस्ट्रेलियाच्या भूमीत कोळसा विपुल आहे. तेथील बहुतांश वीज त्या काळीं कोळशापासून होत असे आणि परदेशीं जाणारा कोळसा हेंहि त्या देशाचें एक मोठें उत्पन्न. कोळसा जळला म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत जातो. हा वायु सूर्याची उष्णता पृथ्वीजवळ अडकवून ठेवतो आणि त्यानें पृथ्वीचें सरासरी तपमान वाढत जातें, हें आतां शास्त्रज्ञांत वादाचें राहिलेलें नाहीं. तेव्हां या वायूवर कांहीं मोल बसवावें, म्हणजे तो कमी करण्यांत प्रत्येकाला स्वतःचा फायदा दिसेल, असा विचार त्या देशांतहि निघाला. २००७ सालच्या निवडणुकींत तर दोन्ही मोठ्या पक्षांनीं अशी कांहीं योजना आणण्याचें वचन दिलें होतें.

ती निवडणूक मजूर पक्षाचे केव्हिन रड यांनीं जिंकली. हवामानाचा बदल म्हणजे आपल्या पिढीपुढील महान् नैतिक आव्हान होय, असें त्यांनीं गर्जून सांगितलें होतें. त्यांच्या सरकारचें विधेयक २००९ सालीं सेनेट-सभेनें दोनदां फेटाळलें. कांहींनीं तें फार कडक म्हणून नाकारलें, तर ग्रीन पक्षानें तें फार मिळमिळीत म्हणून नाकारलें. याच सुमारास, १ डिसेंबर २००९ रोजीं, लिबरल पक्षाचें पुढारीपण टोनी ॲबट यांच्याकडे अवघ्या एका मताच्या आधिक्यानें आलें, आणि त्या पक्षाचें धोरण विरोधाकडे वळलें. रड यांनीं एप्रिल २०१० मध्यें ती योजनाच बाजूला ठेवली. ज्याला महान् नैतिक आव्हान म्हटलें, तें अडचणीचें होतांच कपाटांत ठेवलेलें पाहून लोकांचा त्यांच्यावरील विश्वास ढासळला. अतिशयोक्ति ही केवळ विरोधकांचीच चैन नव्हे, हें येथेंच लक्षांत ठेवावें. मोठा शब्द वापरणाऱ्यावर त्या शब्दाएवढें मोठें वागण्याची जबाबदारी येते, आणि ती पेलली नाहीं म्हणजे शब्दाबरोबर कार्यहि हलकें होतें.

जून २०१० मध्यें जुलिया गिलार्ड पंतप्रधान झाल्या. ऑगस्टमधील निवडणुकीपूर्वीं कांहींच दिवस त्यांनीं जाहीर सांगितलें कीं, आपल्या सरकारच्या अमदानींत कार्बन-कर येणार नाहीं. निवडणुकींत कोणत्याच पक्षाला बहुमत मिळालें नाहीं. ग्रीन पक्ष आणि कांहीं अपक्ष सभासद यांच्या पाठिंब्यावर सरकार उभें राहिलें. आणि फेब्रुवारी २०११ मध्यें त्याच गिलार्डबाईंनीं कार्बनवर मोल बसविण्याची योजना जाहीर केली. आधीं ठरलेलें मोल आणि पुढें बाजारांत ठरणारें मोल, अशी ती दुहेरी योजना असल्यामुळें तिला 'कर' म्हणावें कीं नाहीं याबद्दल पंडितांत वाद होऊं शकत होता. पण बाईंनीं तो शब्द फार ताणून धरला नाहीं, आणि वचनभंगाचा शिक्का त्यांच्यावर कायमचा बसला. विरोधकांच्या पुढील साऱ्या भाषणांना या वचनभंगानें दारूगोळा पुरविला.

आतां कायदा काय होता तें पहावें. १२ ऑक्टोबर २०११ रोजीं प्रतिनिधिगृहांत ७४ विरुद्ध ७२ मतांनीं आणि ८ नोव्हेंबरला सेनेटमध्यें तो संमत झाला आणि १ जुलै २०१२ पासून अमलांत आला. ज्या कारखान्यांतून वा वीजकेंद्रांतून वर्षाला २५,००० टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असे, बहुतकरून त्यांनाच तो लागू होता. त्यांनीं प्रत्येक टनामागें २३ डॉलर सरकारांत भरावयाचे. शेतकऱ्याच्या गुराढोरांना, शेतीच्या इंधनाला आणि घरगुती मोटारीच्या पेट्रोलला तो लागू नव्हता. जमणाऱ्या पैशाचा मोठा भाग कुटुंबांकडे परत जावयाचा होता. निवृत्तिवेतनें वाढविलीं गेलीं, आणि प्राप्तीवरील कराची माफी वर्षाला ६,००० डॉलरांपर्यंत होती ती १८,२०० डॉलरांपर्यंत नेण्यांत आली. सरकारी कोषविभागाचा हिशेब असा होता कीं, सरासरी कुटुंबाला आठवड्यास ९ डॉलर ९० सेंट अधिक खर्च येईल आणि सरासरी १० डॉलर १० सेंट मदत मिळेल. एकंदर भाववाढ शेंकडा ०.७ आणि विजेची वाढ शेंकडा १० होईल, असें त्यानें आधींच छापून सांगितलें होतें.

हा विजेचा आंकडा शाळेंतील मुलालाहि ताडून पाहतां येण्यासारखा आहे. दगडी कोळशापासून विजेचें एक युनिट काढतांना सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हजार युनिटांमागें एक टन. टनामागें २३ डॉलर, तर एका युनिटामागें २.३ सेंट. घरगुती विजेचा दर त्या वेळीं युनिटास वीस-पंचवीस सेंटांच्या घरांत होता. तेव्हां दरांत सुमारें एक दशांशाची भर पडेल हें उघड आहे. दहा टक्के वीज महाग होणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. तिच्याविरुद्ध बोलण्याचा हक्क कोणासहि होता, आणि प्रामाणिकपणें बोलण्यासारखें पुष्कळ होतेंहि.

पण बोललें गेलें तें निराळेंच. मार्च २०११ मध्यें कॅनबेरा येथें पार्लमेंटापुढें मोठा मोर्चा आला. त्यांत पंतप्रधानबाईंविषयीं अत्यंत हीन मजकुराचे फलक होते आणि ॲबट यांनीं त्याच फलकांपुढें उभें राहून भाषण केलें. हा कर म्हणजे अर्थव्यवस्थेवर आदळणारा, इमारती पाडण्याचा लोखंडी गोळा आहे, असें वर्णन त्यांनीं वारंवार केलें. नॅशनल पक्षाचे बार्नबी जॉइस यांनीं सांगितलें कीं, रविवारच्या जेवणांतील भाजलेल्या मेंढीच्या मांसाला आतां शंभर डॉलर मोजावे लागतील. आणि एप्रिल २०११ मध्यें ॲबट यांनीं तें वाक्य उच्चारलें, जें पुढें त्या देशांत म्हणीसारखें झालें : या करानें व्हायॲला हें शहर नकाशावरून पुसलें जाईल.

जॉइस यांच्या मांसाचा हिशेब प्रथम करून पहावा. समजा, चांगला मोठा तुकडा पूर्वीं पंचवीस डॉलरांस मिळत होता. तो शंभराचा होण्यास पंचाहत्तर डॉलर कर त्यावर बसला पाहिजे. टनामागें २३ डॉलर या दरानें त्यासाठीं सव्वातीन टन कार्बन डायऑक्साइड खर्ची पडला पाहिजे. म्हणजे सव्वातीन हजार युनिट वीज. तेथील सामान्य कुटुंब जेवढी वीज सहा महिन्यांत वापरतें, तेवढी एक मेंढीची तंगडी घरापर्यंत आणण्यास लागावयाची! शिवाय मेंढी आणि मेंढपाळ या दोघांनाहि कायद्यानें वगळलेलें होतें, ही गोष्ट वेगळीच. हा हिशेब करण्यास मोठी विद्वत्ता लागत नव्हती. पण सभेंत कोणी पाटी-पेन्सिल घेऊन जात नाहीं, आणि शंभर हा आंकडा स्मरणांत राहावयास फार सोपा असतो.

आतां व्हायॲलाकडे वळावें. दक्षिण ऑस्ट्रेलियांत स्पेन्सर आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावर वसलेलें हें सुमारे बावीस हजार वस्तीचें शहर. जवळच्या टेकड्यांतील लोखंडाची माती जहाजांवर चढविण्यासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं एका मोठ्या खाण-कंपनीनें तें वसविलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तेथें झोतभट्टी आणि जहाजें बांधण्याचा कारखाना निघाला. १९६५ सालीं पोलादाचा कारखाना उभा राहिला. १९७८ सालीं जहाजांचा कारखाना बंद झाला तेव्हां शहराला पहिला मोठा धक्का बसला. त्यानंतर सारा भरंवसा पोलादावर. एका भट्टीवर ज्याची चूल चालते असें हें गांव. त्याला भीति घालणें फार सोपें.

पण कायद्यानें या भट्टीची तरतूद केलेली होती. ज्या धंद्यांना परदेशी मालाशीं टक्कर द्यावी लागते आणि ज्यांतून वायु फार निघतो, अशा धंद्यांना आरंभीं त्या धंद्याच्या सरासरी वायूच्या शेंकडा ९४.५ एवढे परवाने फुकट मिळावयाचे होते, आणि पोलादाचा धंदा त्यांत होता. ढोबळ मानानें, भट्टींतून निघणाऱ्या पोलादाच्या एका टनामागें दोन टन वायु निघतो असें धरलें, तर त्यांतील शेंकडा साडेपांच भागावरच पैसा भरावयाचा. म्हणजे पोलादाच्या टनामागें अडीच डॉलर. पोलादाच्या टनाची किंमत मात्र शेंकड्यांनीं डॉलर. याखेरीज पोलादाच्या कारखान्यांसाठीं ३० कोटि डॉलरांची निराळी मदत ठेवली होती. अडीच डॉलरांनीं शहर नकाशावरून पुसलें जात नाहीं.

१ जुलै २०१२ उजाडला. दुसऱ्या दिवशीं व्हायॲला जेथल्या तेथें होतें. तेव्हां सरकारचे एक मंत्री क्रेग इमर्सन यांनीं दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढें एक विडंबनगीत गाऊन आणि नाचून विरोधकांची टर उडविली. त्या गाण्यानें सरकारचा पक्ष बळकट झाला असें कोणी म्हणणार नाहीं. वीजबिलाच्या चिंतेंत असलेल्या माणसाला मंत्र्यानें नाचून दाखविलेलें आवडत नसतें. विरोधी पुढाऱ्यांनींहि सूर बदलला. हा कर नागाच्या दंशासारखा नव्हे, तर अजगराच्या विळख्यासारखा हळूहळू आवळणारा आहे, असें आतां ॲबट सांगूं लागले. ही उपमा मोठी हुशारीची होती. नागाचा दंश खरा कीं खोटा तें तात्काळ कळतें. अजगराला मात्र हवी तेवढी मुदत देतां येते. भाकिताची तारीख टळली म्हणजे तारीखच काढून टाकावयाची, हा युक्तिवाद जगांतील सर्व ज्योतिषांना ठाऊक आहे.

दोन वर्षांत प्रत्यक्ष काय घडलें? वीज सुमारे दहा टक्क्यांनीं महागली. म्हणजे कोषविभागाचें गणित बरोबर ठरलें. त्यापूर्वींच्या कांहीं वर्षांत विजेचे दर याहून पुष्कळ अधिक वाढले होते, आणि त्याचें मुख्य कारण विजेचे खांब व तारा यांवर झालेला प्रचंड खर्च हें होतें. पण खांबांविरुद्ध मोर्चा निघत नाहीं. देशाची अर्थव्यवस्था वाढतच राहिली. बेकारी शेंकडा पांचांवरून सहाच्या आसपास गेली. खाणींचा भरभराटीचा काळ ओसरत होता, हें त्याचें मोठें कारण मानलें जातें. वीजकेंद्रांतून निघणारा वायु घटला. त्यांतील किती घट करामुळें आणि किती विजेची मागणी कमी झाल्यामुळें, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. सारांश, कर हा विरोधक म्हणत तसा राक्षसहि नव्हता आणि कांहीं समर्थकांना वाटे तसा एका फटक्यांत हवामान सुधारणारा मंत्रहि नव्हता. तो एक मध्यम आकाराचा कर होता. त्याचे कांहीं गुण होते आणि कांहीं दोष.

त्या दोषांची वाट काय लागली, हा या कथेचा फारसा सांगितला न जाणारा भाग. लहान दुकानदारांना कायद्यानें सरळ भरपाई दिलेली नव्हती. शीतगृहांतील यंत्रांत जो वायु भरतात, त्यावरहि तशाच प्रकारचा भार बसला आणि त्याची किंमत एकदम कितीतरी चढली. मांस विकणारा, दूध विकणारा, गांवांतील लहान किराणा दुकानदार यांची ही तक्रार खरी होती, मोजतां येण्यासारखी होती, आणि कायद्यांत एकादें कलम घालून बहुधा दूरहि करतां आली असती. परंतु एका बाजूला शहरें पुसलीं जात होतीं आणि दुसऱ्या बाजूला पृथ्वी वांचविली जात होती. या दोन गर्जनांच्या मध्यें शीतयंत्रांतील वायूचा भाव कोण ऐकणार? अतिशयोक्तीचा पहिला बळी खरी तक्रार हा असतो.

सप्टेंबर २०१३ मध्यें ॲबट निवडणूक जिंकले. १७ जुलै २०१४ रोजीं कायदा रद्द झाला. प्रत्येक कुटुंबाचे वर्षाला सरासरी ५५० डॉलर वांचतील, असें त्या वेळीं सांगितलें गेलें. वीज प्रथम कांहींशी स्वस्त झाली. पण २०१७ सालीं अनेक राज्यांत दर पुन्हां जोरानें चढले, आणि तेव्हां दोष द्यावयास कर उरलेला नव्हता. त्याच वर्षीं ॲबट यांच्या एके काळच्या मुख्य सहाय्यक पीटा क्रेडलिन यांनीं दूरचित्रवाणीवर मोकळेपणानें सांगितलें कीं, तो वस्तुतः कार्बन-कर नव्हताच. आपण त्या वादाला पर्यावरणाच्या वादाऐवजीं लोकांच्या खिशाच्या वादाचें रूप दिलें, आणि तें निर्घृण राजकारण होतें. ज्या शब्दासाठीं एक सरकार पडलें, त्या शब्दाविषयींची ही कबुली सहा वर्षांनंतर आली.

अशी गोष्ट एकट्या ऑस्ट्रेलियांत घडली असें नाहीं. ऑस्ट्रेलियांत एका गांवाच्या नांवानें जें केलें गेलें, तें अमेरिकेंत २००९ सालीं एका आंकड्यानें केलें गेलें. तेथील प्रतिनिधिगृहापुढें कार्बनला मर्यादा घालणारें विधेयक आलें, तेव्हां रिपब्लिकन पुढारी सांगत कीं, त्यानें दरेक कुटुंबावर वर्षाला ३,१०० डॉलरांहून अधिक भार पडेल, आणि आधाराला मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रशास्त्र-संस्थेच्या अभ्यासाचें नांव घेत. त्या अभ्यासाचे एक कर्ते जॉन रायली यांनीं पत्र लिहून कळविलें कीं, हा आपल्या लेखाचा विपर्यास आहे. झालें होतें तें असें. सरकारांत जमा होणारी एकूण रक्कम घेऊन तिला कुटुंबांच्या संख्येनें भागलें होतें. ती रक्कम लोकांकडेच परत जाऊं शकते हें हिशेबांत धरलेंच नव्हतें. उजव्या खिशांतून डाव्या खिशांत टाकलेला रुपया हरवला असें मानण्यासारखाच हा प्रकार. अमेरिकन काँग्रेसच्या स्वतंत्र अर्थसंकल्प-कचेरीनें २०२० सालापुरता काढलेला निव्वळ खर्च कुटुंबामागें सुमारे १७५ डॉलर होता. विधेयक जून २००९ मध्यें २१९ विरुद्ध २१२ मतांनीं प्रतिनिधिगृहांत पार पडलें, पण सेनेटमध्यें तें मतास आलेंच नाहीं. गांवाचें नांव घेतलें म्हणजे भीति खरी वाटते. आंकडा घेतला म्हणजे ती शास्त्रीयहि वाटते.

याच्या अगदीं उलट प्रकार भारतांत घडला, आणि तोहि विचार करण्यासारखा आहे. भारत सरकारनें १ जुलै २०१० पासून कोळशाच्या टनावर ५० रुपये उपकर बसविला. २०१४ सालीं तो १०० रुपये, २०१५ सालीं २०० आणि २०१६ सालीं ४०० रुपये झाला. एक युनिट विजेस सुमारे दोन-तृतीयांश किलो कोळसा लागतो असें धरल्यास, ४०० रुपयांच्या हिशेबानें युनिटामागें पाव रुपयाहून थोडा अधिक भार होतो. चंद्रपूर किंवा कोराडी येथील कोळशाच्या विजेवर ज्यांचे दिवे लागतात, त्यांच्यापर्यंत हा भार बिलांतून पोहोंचला. तरी कोणतें शहर नकाशावरून पुसलें जाईल असें कोणी म्हटलें नाहीं, आणि तें पुसलेंहि गेलें नाहीं. परंतु शांततेचाहि एक तोटा असतो. स्वच्छ ऊर्जेसाठीं म्हणून घेतलेल्या या पैशाचा पुष्कळसा भाग त्या कामीं लागला नाहीं. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां हा उपकर राज्यांच्या भरपाईकडे वळविण्यांत आला, आणि २०२५ सालीं तो संपुष्टांत आला. आरडाओरड झाली नाहीं, तसा हिशेबहि फारसा कोणी विचारला नाहीं. लोकशाहीला किंकाळीहि नको आणि मौनहि नको. तिला हिशेब हवा.

आतां शेवटीं पुन्हां व्हायॲलाकडे जाणें भाग आहे. कारण त्या शहरावर संकट आलें, आणि तें खरोखरीचें आलें. २०११ सालच्या आरंभीं लोखंडाच्या मातीचा टनाचा भाव १८० अमेरिकन डॉलरांच्या आसपास होता. २०१५ च्या अखेरीस तो ४० पर्यंत कोसळला. जगांत, विशेषतः चीनमध्यें, पोलाद गरजेपेक्षां फार अधिक निघूं लागलें. कारखान्याच्या मालक कंपनीच्या डोक्यावर अब्जावधि डॉलरांचें कर्ज होतें. एप्रिल २०१६ मध्यें तिचा कारभार प्रशासकांच्या हातीं गेला. कर रद्द होऊन तेव्हां पावणेदोन वर्षें होत आलीं होतीं. पुढें २०१७ सालीं मूळचे पंजाबांतील संजीव गुप्ता यांच्या उद्योगसमूहानें तो कारखाना घेतला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें देणीं थकल्यामुळें दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारला तो पुन्हां प्रशासकांच्या हातीं सोंपवावा लागला व संघसरकारासह २४० कोटि डॉलरांची मदत जाहीर करावी लागली.

शहराला धोका होताच. तो जुन्या यंत्रांत होता, कर्जांत होता, एकाच भट्टीवरील अवलंबनांत होता आणि जागतिक बाजारांत होता. पण ज्या वर्षांत या गोष्टींची चर्चा व्हावयाची, त्या वर्षांत देशभर त्या शहराचें नांव एका टनामागील अडीच डॉलरांच्या कराशीं जोडून घोषणेसारखें फिरविलें गेलें. एका पक्षानें तें नांव भीतीसाठीं वापरलें, दुसऱ्यानें गाण्यासाठीं. लांडगा आला म्हणून खोटेंच ओरडणाऱ्या पोराची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिचें तात्पर्य सांगतांना खोटें बोलणाऱ्याची फजिती सांगतात. परंतु त्या गोष्टींत ओरडणारा पोर बहुधा वांचतो. मरतात त्या मेंढ्या.

हवेचेंहि तसेंच झालें. कर गेल्यावर ऑस्ट्रेलियांत उत्सर्गाचें ध्येय कायद्यानें ठरण्यास २०२२ साल उजाडलें, आणि मोठ्या कारखान्यांवर खरी मर्यादा घालणारी सुधारणा २०२३ सालीं आली. मधल्या काळांत २०१९-२० च्या उन्हाळ्यांत त्या देशाच्या पूर्वभागांत भयंकर वणवे पेटले आणि ग्रेट बॅरियर रीफ या जगप्रसिद्ध प्रवाळ-रांगेचें उष्ण समुद्रामुळें वारंवार विरंजन झालें. एवढ्या एका करानें हें सारें टळलें असतें असें म्हणणें, ही पुन्हां अतिशयोक्तीच होईल. एका देशाच्या दोन-चार वर्षांच्या करानें जगाचें तपमान ठरत नाहीं. पण नवीन वर्ग भरला तेव्हां जुनाच धडा पहिल्यापासून गिरवावा लागला, आणि मधलीं आठ-नऊ वर्षें वायां गेलीं, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

मग सामान्य नागरिकानें काय करावें? प्रत्येकाला अर्थशास्त्र शिकतां येत नाहीं. पण चार साधे प्रश्न विचारतां येतात. सांगितलेली आपत्ति किंवा सांगितलेला लाभ केव्हां येणार, त्याची तारीख आहे काय? किती येणार, त्याचें माप आहे काय? जो पैसा घेतला जाणार तो कोणाकडून घेऊन कोणाकडे जाणार? आणि सांगितल्याप्रमाणें घडलें नाहीं, तर बोलणारा काय म्हणणार आहे? कोषविभागाच्या रुक्ष वाक्यांत तारीख होती, माप होतें आणि परतफेडीचा आंकडा होता. म्हणूनच तें खरें कीं खोटें हें दोन वर्षांत ठरूं शकलें. नकाशावरून पुसल्या जाणाऱ्या शहराला तारीख नव्हती, आणि पिढीच्या नैतिक आव्हानालाहि माप नव्हतें.

पराचा कावळा करणारा मनुष्य अगदींच निराधार बोलत नसतो. हातांत पीस असतें. विजेची दहा टक्के वाढ हें पीस होतें, दुकानदाराच्या शीतयंत्राचा खर्च हें पीस होतें, आणि वाढतें तपमान हें तर मोजून घेतलेलें सत्य आहे. नागरिकाचें काम एवढेंच, कीं उडणाऱ्या कावळ्याकडे पाहत राहण्यापेक्षां तें पीस हातीं घ्यावें, त्याचें वजन करावें, आणि त्या वजनाप्रमाणें आपलें मत द्यावें.